उजाड जगातल्या मोटारी

आठवी-नववीच्या वह्या तपासताना मागच्या पानांवर आम्हाला हल्ली एक चित्र वारंवार दिसते : काटेरी पत्रे ठोकलेली, छतावर तोफ बसवलेली मोटार. हे चित्र व्हिडिओ गेममधले असते. जग उद्ध्वस्त झाले आहे, कायदा उरलेला नाही आणि जो तो हत्यारबंद गाडी घेऊन दुसऱ्याच्या गाडीवर चालून जातो, असा हा खेळ. गोंदिया असो की तिरोडा, सुट्टी लागली की घरात विचारणा होते, "अब्बू, हा गेम घेऊ?" उत्तरे बहुधा दोनच. एक तर सरसकट "नाही", नाहीतर "फुकट आहे ना, मग घे." दोन्ही उत्तरे घाईची आहेत. म्हणून या जातीचे दोन नावाजलेले खेळ पाहू.

पहिला 'मॅड मॅक्स'. जॉर्ज मिलर यांची ऑस्ट्रेलियन चित्रपटमाला १९७९ पासून सुरू झाली. तिच्या जगावर बेतलेला हा खेळ स्वीडनच्या अॅव्हलांच स्टुडिओजने २०१५ मध्ये तयार केला. नायकाची गाडी लुटली जाते आणि एका कारागिराच्या मदतीने तो भंगारातून नवी गाडी उभी करतो. साखळीचा भाला मारून शत्रूच्या गाडीचे चाक किंवा दार उपटता येते. वाळूची वादळे तर पाहत राहावीत अशी. पण आम्हाला भावली ती पाण्याची गोष्ट. पाणी सापडेल तिथे बाटलीत भरायचे आणि जपून प्यायचे. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी उधळू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. तलावांच्या जिल्ह्यात राहून आपण ती विसरतो, ती या वाळवंटात आठवते.

उणिवाही आहेत. एक छावणी जिंकली की पुढची तशीच, त्यामुळे काही तासांनी कंटाळा येतो. कथाही तोकडी आहे. मुख्य म्हणजे हाणामारी क्रूर आहे. युरोपात या खेळावर १८ वर्षांची अट आहे. शाळकरी मुलांसाठी तो नाहीच.

दुसरा 'क्रॉसआउट', रशियातल्या टार्गेम गेम्सचा, २०१७ सालचा. हा फुकट मिळतो. यात गाडी आपणच जोडायची असते : केबिन, चाके, चिलखत, हत्यारे. वजन वाढले की वेग घटतो. लढाईत प्रत्येक भाग वेगळा तुटतो. एका बाजूची चाके गेली की गाडी लंगडते. विज्ञानात मागे पडणारा एक विद्यार्थी गाडीचा तोल का जातो, हे आम्हाला इतके नीट समजावून गेला की आम्ही ऐकतच राहिलो. हे या खेळाचे खरे बळ.

आणि दुबळी बाजू? हा खेळ संपत नाही. चांगला सुटा भाग हवा तर तासन्‌तास खेळा, नाहीतर खरे पैसे मोजा. समोर खेळणारी माणसेही खरी आणि अनोळखी असतात.

आईवडील रक्त पाहून घाबरतात, ते योग्यच. पण रक्त न दिसणारा फुकटचा खेळ वेळ आणि खिसा दोन्ही हळूहळू रिकामे करतो, ते चटकन ध्यानात येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला. ते चांगलेच झाले. मात्र इथे पैसे जिंकायचे नसतात, नुसते खर्चायचे असतात. ही राखण घरालाच करावी लागेल.

तेव्हा काही साध्या गोष्टी कराव्यात. खेळावर लिहिलेली वयाची अट आधी वाचावी. मुलाच्या हाती जाणाऱ्या फोनवर किंवा संगणकावर पैसे भरण्याची सोय उघडी ठेवू नये. वेळ आधीच ठरवावी. नमाज, अभ्यास आणि झोप यांतला एक मिनिटही खेळाला देऊ नये. आणि एकदा तरी मुलाशेजारी बसून "ही गाडी तू अशी का जोडलीस?" असे विचारावे. त्याला उत्तर देता आले, तर तो खेळातून काही शिकतो आहे. नुसता "अजून एक डाव" म्हणत राहिला, तर यंत्र बंद करायची वेळ झाली आहे.