पूल निळा आहे, पण रस्त्याचा सातबारा कोणाच्या नावावर?

परवा रात्री साडेनऊला एका काकांचा फोन आला. मुंबईत बँकेत नोकरी करून निवृत्त झाले आणि लोणावळ्याजवळ डोंगराच्या कडेला एका बंगलो स्कीममध्ये कायमचे राहायला आले. स्कीमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्या मावळात अशा किती स्कीम आहेत ते तुम्हाला माहीत आहेच.

काका म्हणाले, "अरे, मेंटेनन्स साडेतीन हजारावरून साडेपाच हजार केलाय. मीटिंग नाही, हिशेब नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज आला, झालं. आणि पाणी येतंय एक दिवसाआड."

दुसऱ्या दिवशी गेलो. गेटवर पाण्याचा टँकर उभा. आत क्लबहाऊसचा स्विमिंग पूल काठोकाठ भरलेला, निळाशार, पोहणारं एकही माणूस नाही. वरच्या रांगेतल्या बंगल्यांखालची दगडी संरक्षक भिंत मात्र दोन ठिकाणी फुगलेली. पावसाळा तोंडावर आहे. आपल्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे त्या भिंतीला कोणी सांगायचं?

मॅनेजरला विचारलं. तोही आपल्याच भागातला पोरगा. म्हणाला, "दादा, साठ बंगल्यांपैकी वीस-बावीस मालक पैसेच भरत नाहीत. म्हणतात, आम्ही वर्षातून दोनदा येतो, कशाला भरू? मग बाकीच्यांवर बोजा टाकावा लागतो."

आता इथे दोन्ही बाजूंना चार गोष्टी ऐकवतो. राग आला तर येऊ दे.

पहिल्यांदा न भरणारे. बंद घराला खर्च नसतो, हा समज चुकीचा आहे. वॉचमन सगळ्यात जास्त राखण बंद घराचीच करतो. तुम्ही आलात काय, नाही आलात काय, गटार जूनच्या आधी साफ करावंच लागतं, रस्त्यावरचे दिवे लावावेच लागतात. सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधीत सेवाशुल्क सगळ्यांना सारखं धरलंय, त्याचं कारण हेच. रेरा कायद्यातही घर घेणाऱ्याने देखभालीचा आपला वाटा वेळेवर भरायचा, असं स्पष्ट लिहिलंय. घर पाऊण-एक कोटीचं घ्यायचं आणि महिन्याच्या चार हजारांसाठी फोन उचलायचा नाही, हे बरं दिसत नाही.

पण म्हणून बंद घराला वाटेल ते लावायचं असंही नाही. काही ठिकाणी बंद बंगल्यांवर 'नॉन-ऑक्युपन्सी' लावतात. सोसायटीत हा आकार घर भाड्याने दिलं तरच लागतो, आणि तोही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. कुलूप लावून मुंबईला गेलेल्या माणसाला तो लागत नाही.

आणि खरा भार टाकणारे वेगळेच आहेत. दर शनिवार-रविवार बंगला पार्ट्यांना देणारे. एकेका बंगल्यात वीस-पंचवीस माणसं, दोन दिवस धो धो पाणी, कचऱ्याच्या दहा पिशव्या, रात्री दोनपर्यंत स्पीकर. कमाई मालकाची आणि टँकरचा खर्च साठ जणांत! काका-काकू बादली मोजून वापरतात आणि शेजारच्या बंगल्यात पावसाळ्यातसुद्धा टब भरतात. प्रत्येक घराला पाण्याचा मीटर लावा. सेवाशुल्क सारखं, पाणी वापरेल तसं. यात कोणावरच अन्याय नाही.

आता बिल्डर आणि त्यांची 'मेंटेनन्स एजन्सी'.

काकांना विचारलं, "सोसायटी कधी झाली?" म्हणाले, "झालीच नाही." बारा वर्षं झाली. घर घेताना दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ घेतला, वर 'कॉर्पस' म्हणून एकरकमी पैसे घेतले. ते कुठल्या खात्यात आहेत, व्याज किती आलं, कोणालाच माहीत नाही. क्लबहाऊस, आतला रस्ता, बोअरवेल, पंपाची खोली, मोकळी जागा, सगळं अजून बिल्डरच्याच नावावर. म्हणजे खर्च रहिवाशांचा आणि मालकी दुसऱ्याची. याला मेंटेनन्स म्हणायचं की भाडं?

माझं म्हणणं एवढंच आहे. साडेतीन हजार बरोबर की साडेपाच, हा वाद नंतरचा. आकडा ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे आधी बघा. हिशेब समोर आला तर लोक सात हजारसुद्धा भरतील. हिशेब नसेल तर पाचशेसुद्धा खटकतात.

कायदा काय म्हणतो? रेरात नोंदलेल्या प्रकल्पात निम्म्याहून जास्त बुकिंग झाल्यावर तीन महिन्यांत रहिवाशांची संस्था व्हायला हवी. संस्था ताबा घेईपर्यंत आवश्यक सेवा बिल्डरने द्यायच्या, त्यासुद्धा 'वाजवी' आकारात. मे २०१७ च्या आधी पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या स्कीमला रेराची नोंदणी लागत नाही, आणि आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या स्कीम तिथेच निसटतात. पण घरं बांधून विकलेल्या स्कीमसाठी १९६३ चा मोफा आहेच. बिल्डर सोसायटी करून देत नसेल तर रहिवासी स्वतः उपनिबंधकांकडे प्रस्ताव देऊ शकतात. जमिनीचं अभिहस्तांतरण देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. नुसता प्लॉट घेतलेल्यांचं थोडं वेगळं असतं, त्यांनी खरेदीखत घेऊन वकिलाकडे जावं.

"एवढी काय घाई आहे? बिल्डर चांगला माणूस आहे," असं म्हणणारे भेटतात. असेलही. पण लवासा आठवा. फार लांब नाही, शेजारच्या मुळशीत, वरसगाव धरणाच्या काठावर. डोंगरात अख्खं शहर वसवायचं होतं. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि घर घेतलेले साधे लोक मोठमोठ्या बँकांबरोबर घेणेकऱ्यांच्या रांगेत जाऊन बसले. एवढ्या मोठ्या कंपनीचं असं होऊ शकतं, तर तुमच्या साठ बंगल्यांच्या बिल्डरचं काय? उद्या त्याच्यावर कर्जवसुली आली तर तुमच्या घरापर्यंत जाणारा रस्ता कोणाचा?

सोसायटी झाली की बिल्डर सुटतो, पण तुमची जबाबदारी वाढते हेही सांगतो. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, हिशेबांचं ऑडिट, समितीत कोणीतरी बसायला हवं. पुण्या-मुंबईचे मालक सभेला येत नाहीत आणि मग तीच दोन-तीन डोकी वर्षानुवर्षं राज्य करतात. तेव्हा बिल्डर गेला आणि सेक्रेटरी बिल्डर झाला, असं होऊ देऊ नका. सोसायटीला थकबाकीदाराकडून जमीन महसुलासारखी वसुली करता येते. हे हत्यार न भरणाऱ्यांसाठी आहे, प्रश्न विचारणाऱ्यांसाठी नाही.

आणि शेवटचं. त्या क्लबहाऊसची झाडलोट करणाऱ्या मावशी खालच्या गावातल्या. रोज डोंगर चढून येतात. मी विचारलं, पगार वेळेवर होतो का? हसल्या फक्त. मग मॅनेजरनेच सांगितलं, दोन महिने थकलाय. टँकरवाल्याचे पैसे थांबले तर तो दुसऱ्या दिवशी येत नाही, म्हणून त्याला आधी द्यावे लागतात. पुलाचं केमिकल आणावंच लागतं, कारण शनिवारी पाहुणे येतात. मावशी मात्र पैसे नसले तरी येतात. मालक-बिल्डरच्या भांडणात सगळ्यात आधी त्यांचा पगार थांबतो.

काकांना मी एवढंच सांगितलं : मेंटेनन्स भरणं थांबवू नका, पण लेखी पत्र देऊन तीन वर्षांचा हिशेब मागा. आगाऊ घेतलेल्या पैशांचा हिशेब वेगळा मागा. तलाठ्याकडून रस्त्याचा आणि मोकळ्या जागेचा सातबारा काढा. आणि येत्या रविवारी दहा-बारा घरं तरी एकत्र बसवा. पूल एक उन्हाळा बंद राहिला तर कोणाचं काही अडणार नाही. ती भिंत आधी बघा.

रविवारी मीही जाणार आहे. तुमच्या स्कीममध्ये काय चाललंय ते कमेंटमध्ये लिहा. बिल्डरचं नाव नको, हिशेब मिळतो की नाही एवढंच सांगा.