वॉटर पंपाची निवड मालकाने करावी

मोटारीचा वॉटर पंप बदलण्याची वेळ आली म्हणजे तो कोणत्या कारखान्याचा, कोणत्या प्रतीचा आणि किती किमतीचा बसवावा, याचा निर्णय आपल्याकडे बहुधा गॅरेजचा मिस्त्री, आणि पुष्कळदा त्या मिस्त्रीला उधारीवर माल पुरवणारा सुट्या भागांचा व्यापारी, परस्पर करून टाकतो. गाडी लिफ्टवर चढलेली असते, कूलंट काढून टाकलेले असते, आणि मालकाला फोनवर एवढेच विचारले जाते की, 'साहेब, ओरिजिनल टाकू की लोकल?' ही पद्धत मला घातक वाटते. कारण ज्या पुर्ज्यावर इंजिनाचे आयुष्य अवलंबून आहे, त्याची निवड, तिचे बरेवाईट परिणाम ज्याला भोगावे लागणार त्यानेच डोळसपणे केली पाहिजे.

इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधून कूलंट अखंड फिरवत ठेवणे, हे या पंपाचे कार्य. त्याचे मर्मस्थान मात्र बाहेरून दिसत नाही. शाफ्टभोवतीच्या सीलमध्ये एक कार्बनचे आणि एक सिरॅमिकचे किंवा सिलिकॉन कार्बाइडचे अशी दोन कडी आरशासारखी गुळगुळीत करून समोरासमोर बसवलेली असतात, आणि त्यांच्यामध्ये शिरणारा कूलंटचा अतिसूक्ष्म थर हेच त्यांचे वंगण असते. त्यामुळे पंप थोडा वेळ जरी कोरडा फिरला, किंवा पाण्यातील क्षारांचे कण त्या कड्यांमध्ये सापडले, तरी त्या गुळगुळीत पृष्ठभागांवर ओरखडे उठतात आणि गळती सुरू होते. ते गळणारे पाणी बेअरिंगमध्ये जाऊ नये म्हणून कास्टिंगच्या पोटाशी एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. त्या भोकाखाली वाळलेल्या कूलंटची हिरवट, गुलाबी किंवा पांढुरकी खपली धरलेली दिसली, पुली हाताने हलवताच शाफ्ट डगमगला किंवा फिरवताना खरखर लागली, तर पंपाची मुदत संपली असे खुशाल समजावे. परंतु केवळ गाडी तापते एवढ्या सबबीवर पंप बदलू देऊ नये. थर्मोस्टॅट अडकणे, रेडिएटर चोंदणे, पंखा न फिरणे, झाकणाचे रबर निकामी होणे, यांपैकी कोणत्याही कारणाने कसाऱ्याच्या किंवा खंबाटकीच्या चढावर काटा वर जाऊ शकतो, आणि अशा वेळी नवा पंप बसवूनही दुखणे जसेच्या तसे राहते.

निवडीचा खरा प्रसंग जुना आणि नवा पंप शेजारीशेजारी ठेवल्यावर येतो. बोल्टची भोके जुळली की काम झाले असे मानणारे पुष्कळ आहेत. परंतु इम्पेलरचा व्यास, त्याच्या पात्यांची संख्या व उंची आणि पुली जेथे बसते त्या फ्लँजचे अंतर, हे सारे जुळले पाहिजे. पाती उथळ असतील तर सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही, मात्र भर वैशाखात, चार माणसे आणि सामान घेऊन घाट चढताना पाण्याचा प्रवाह अपुरा पडतो. प्लॅस्टिकचा इम्पेलर वाईट आणि धातूचा चांगला, असा जो सरसकट समज आहे, तो मला मान्य नाही. उत्तम प्रतीचे प्लॅस्टिक गंजत नाही व वजनाला हलके असते, आणि पातळ पत्र्याचा ठोकून काढलेला इम्पेलर धातूचा असूनही कुचकामी असू शकतो. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला पंप महाग पडत असेल, तर त्या कंपनीला पंप पुरवणाऱ्या कारखानदाराचाच माल त्याच्या स्वतःच्या नावाने बाजारात मिळतो का, याची चौकशी करावी. मात्र चासी नंबरावरून पार्ट नंबर काढून घेतल्याशिवाय खरेदीची घाई करू नये, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिने बदललेली असतात.

एका बाबतीत मात्र मी किफायतीला मुळीच वाव देणार नाही. काही इंजिनांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवर फिरतो. तेथे पंपाचे बेअरिंग आवळले तर पट्टा तुटतो किंवा घसरतो, पुष्कळ इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, आणि पंपात वाचवलेल्या रकमेच्या कितीतरी पट खर्च हेड उतरवण्यात होतो. अशा गाडीत पट्टा बदलताना पंपही नवा घालावा, कारण दोहोंची मजुरी जवळजवळ एकच असते. आणि रीकंडिशन केलेला पंप तर कोणी फुकट दिला तरी तेथे बसवू नये. साध्या बाहेरच्या पट्ट्यावरील पंपाच्या बाबतीत इतके कठोर होण्याचे कारण नाही.

आणि उत्तम पंप घेऊन त्यात नळाचे किंवा बोअरचे पाणी ओतणे हा शुद्ध अपव्यय होय. कूलंट गोठणबिंदूसाठी असते, आपल्याकडे बर्फ कोठे पडते, असा युक्तिवाद मी गॅरेजांतून नेहमी ऐकतो. परंतु त्यातील गंजरोधक द्रव्ये ही सील, कास्टिंग आणि रेडिएटर यांच्या रक्षणासाठी असतात, आणि त्यांची गरज नाशिकपेक्षा श्रीनगरला अधिक असते असे नाही. नव्या पंपाबरोबर कंपनीने सांगितलेल्या प्रकारचेच कूलंट भरावे व आतली हवा पूर्णपणे काढून घ्यावी.

उरला प्रश्न पावतीचा. पावतीशिवाय स्वस्त देतो, असे सांगणारा दुकानदार पूर्वी 28 टक्के जीएसटीकडे बोट दाखवीत असे. 22 सप्टेंबर 2025 पासून मोटारीच्या सुट्या भागांवर तो 18 टक्के झाला आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे, आणि बनावट मालाविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याची सोयही ठेवली आहे. पण हाती पावती नसेल तर माल कोणाकडून घेतला हे सिद्ध करण्यातच ग्राहकाची दमछाक होते. म्हणून वाचकांना माझी विनंती अशी की, पुढच्या वेळी गॅरेजमधून फोन आला म्हणजे किमतीला होकार देण्यापूर्वी कारखानदाराचे नाव आणि पार्ट नंबर विचारावा, तो पावतीवर लिहून घ्यावा, आणि काढलेला जुना पंप परत मागून घ्यावा.