जिथं सूर्य मावळत नाही, तिथं जेवण कधी आटपायचं?



गेल्या महिन्यात आमच्या घरी क्रूझचं एक माहितीपत्रक आलं. धाकट्या दिरांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत, तर सगळ्यांनी मिळून कुठंतरी लांब जायचं, असं घरात चाललं होतं. कोपनहेगनला जहाजात बसायचं, मग स्टॉकहोम, हेलसिंकी, टॅलिन अशी जुनी बंदरं पाहत परत यायचं. जूनचे शेवटचे दिवस. खाली ठळक अक्षरांत छापलेलं, ‘जैन जेवणाची सोय आहे.’

माझा मुलगा सासूबाईंना म्हणाला, “आजी, तिथं जूनमध्ये रात्री दहापर्यंत सूर्य असतो. तू दहाला जेवलीस तरी तुझा नियम मोडत नाही!”

सगळे हसले. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. ताटातली भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, “उजेड आहे म्हणून दहाला जेवायचं, तर मग नियम माझा की सूर्याचा?”

त्या एका वाक्यावर मी बरेच दिवस विचार करतेय. आज त्यावरच लिहिते.

मुलगा चुकीचं सांगत नव्हता. आपल्या कोल्हापुरात जूनच्या शेवटी सव्वासातच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याच दिवसांत स्टॉकहोमला तो रात्री दहानंतर मावळतो, नॉर्वेतल्या बर्गनला अकरानंतर. आणखी उत्तरेला नॉर्थ केपपर्यंत जाणारी जहाजं असतात. तिथं मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळतच नाही. आता नियम नुसता घड्याळातल्या सूर्यास्ताचा धरला, तर तिथं चोवीस तास खायला मोकळीक. आणि त्याच भागात हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. मग तेवढे आठवडे उपास करायचा का? नियमाचा नुसता शब्द धरला की असं होतं.

रात्रिभोजनत्याग कशासाठी, हे आपल्याला लहानपणीच सांगितलेलं असतं. अंधारात जीव दिसत नाहीत, दिव्यावर किडे झेपावतात, चूल पेटती राहते. त्यातून हिंसा होते. म्हणून तर सूर्यास्ताच्या दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटं आधीच हात धुवायचे. पण याच्याइतकंच मोठं कारण आणखी एक आहे. दिवसातून एकदा तरी माणसानं ‘आता पुरे’ म्हणावं. स्वयंपाकघर मिटावं, बाईलाही विसावा मिळावा, आणि उरलेली संध्याकाळ सामायिकाला, स्वाध्यायाला मिळावी. जहाजावर भरपूर उजेड मिळेल. पण हे ‘पुरे’ तिथं कोण म्हणणार? सकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत कुठल्या ना कुठल्या मजल्यावर बुफे उघडाच असतो.

आपल्या महिला मंडळात या विषयावर दोन तट आहेत. एक म्हणतो, समुद्र ओलांडून चैन करायला जाणं हेच आपल्या धर्मात बसत नाही. दुसरा म्हणतो, जैन जेवण मिळतंय ना, मग अडचण कसली? मला दोन्ही पटत नाहीत.

पहिल्या तटाला मी म्हणेन, दर अष्टान्हिकेला आपण मैनासुंदरी आणि श्रीपालाची कथा ऐकतो. त्यातला श्रीपाल जहाजानंच देशोदेशी जातो. त्याला समुद्रात ढकललं ते धवल शेठच्या लोभानं. समुद्राचा त्यात काय दोष? १८९३ साली वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला जहाजानंच गेले. त्यांच्यावर समाजातूनच टीका झाली, पण जैन धर्माचं नाव तिथं पोचलं ते त्यांच्यामुळं. कोल्हापूरलाही समुद्र नवा नाही. १८७० मध्ये आपले तरुण छत्रपती राजाराम महाराज विलायतेला जाऊन आले. परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्सला वारले. तिथं आर्नो नदीकाठी त्यांचं स्मारक आजही आहे. तेव्हा नुसतं जाण्यात पाप आहे, असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या तटाला उत्तर द्यायला मात्र मला सासूबाईंची गोष्ट सांगावी लागेल.

त्या रात्री सगळे उठून गेल्यावर त्या मला हळूच म्हणाल्या, “मला येता येणार नाही, पण पोरांना सांगू नकोस. हिरमुसतील.” वीस वर्षांपूर्वी कुंभोजच्या बाहुबलीला त्यांनी दिग्व्रत घेतलं होतं. पूर्वेला सम्मेदशिखर, पश्चिमेला गिरनार, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, उत्तरेला हस्तिनापूर. याच्या पलीकडं जन्मभर जायचं नाही. इतकी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं.

दिग्व्रताविषयी आपण पाठशाळेत शिकतो आणि विसरतो. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात दिशांची मर्यादा कशानं आखावी हे सांगितलं आहे: समुद्र, नदी, जंगल, डोंगर, प्रदेश, योजनं. त्यात समुद्राचं नाव पहिलं आहे. या मर्यादेबाहेर माझ्याकडून सूक्ष्मसुद्धा पाप होणार नाही, असा त्यामागचा भाव. आणि या व्रताचे जे अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितलेत, त्यातला एक क्षेत्रवृद्धी, म्हणजे आखलेली हद्द वाढवून घेणं. दुसरा स्मृत्यंतराधान, म्हणजे आपण हद्द आखली होती हेच विसरणं.

खरं सांगू? पहिला अतिचार आपण मोठ्या माणसांकडून प्रेमानं करवून घेतो. “आजी, एकदाच तर जायचंय”, “आई, तुमच्याशिवाय मजा नाही”, “प्रायश्चित्त घ्या की परत आल्यावर.” आपल्याला वाटतं आपण त्यांना जग दाखवतोय. त्या बिचाऱ्या आपलं मन मोडू नये म्हणून आयुष्यभराचं व्रत मोडायला तयार होतात. आणि दुसरा अतिचार आपला स्वतःचा. आपण हद्दच आखत नाही, मग विसरायचा प्रश्नच येत नाही.

गंमत अशी, की आपण जी शहरं पाहायला जाणार, ती या बाबतीत आपल्याला शिकवतील. बर्गनला ब्रिगेन नावाचा जुना धक्का आहे. चौदाव्या शतकापासून हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांची तिथं वखार होती. लाकडी इमारती एकाला एक चिकटून उभ्या. त्यांची सगळी श्रीमंती सुकवलेल्या माशांच्या व्यापारावर उभी राहिली, हेही पाहताना लक्षात असू द्यावं. पण आगीच्या भयानं त्या घरांत चूल पेटवायची नाही, दिवाही लावायचा नाही, असा कडक नियम होता. उत्तरेच्या त्या थंडीत! स्वयंपाक आणि शेक घेणं मागच्या बाजूच्या वेगळ्या दालनात. माल वाचावा म्हणून ते व्यापारी अंधारात राहिले. आपल्याला जीव वाचावेत म्हणून संध्याकाळी सातला चूल बंद करणं जड जातं.

आणि स्टॉकहोमला व्हासा नावाचं जहाज संग्रहालयात ठेवलंय. स्वीडनच्या राजानं ते ६४ तोफा घालून बांधलं. १० ऑगस्ट १६२८ ला पहिल्याच फेरीला निघालं आणि जेमतेम १३०० मीटर जाऊन बंदरातच बुडालं. वरचा भार फार, त्याला पेलेल एवढं वजन तळाशी नव्हतं. १९६१ साली ते वर काढलं. परिग्रह म्हणजे काय ते मुलांना समजावून सांगायचं असेल तर हे जहाज दाखवावं.

आज तर ती शहरंच क्रूझला मर्यादा घालू लागली आहेत. ॲमस्टरडॅमनं वर्षाला येणारी समुद्री जहाजं १९० वरून १०० वर आणायचं ठरवलं. गर्दी आणि धूर त्यांना सोसवेना. पाहुण्यांना किती यायचं ते गावाला सांगावं लागतं, कारण पाहुणे स्वतःहून थांबत नाहीत. पाणी गाळून पिणाऱ्या समाजाला हे कुणी दुसऱ्यानं सांगावं लागू नये.

म्हणून माझं मत असं: मर्यादा आधी, तिकीट नंतर. जायचं असेल तर घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून भोगोपभोगाचं परिमाण ठरवावं. किती दिवस, किती खर्च, काय खायचं, कधी थांबायचं. मुदतीचा नियम आपल्याकडं आहेच, तो नेमका अशा वेळेसाठीच आहे. ‘जैन जेवण मिळेल’ एवढ्यानं काम होत नाही. कांदा-लसूण नसलेलं ताट रात्री अकराला चौथ्यांदा भरून घेतलं, तर ते जैन राहतं का?

आमच्या घरात शेवटी असं ठरलं. सासूबाईंच्या परवानगीनं मी सगळ्यांना त्यांच्या व्रताविषयी सांगितलं. मुलगा गप्प बसला, मग म्हणाला, “मग आजी एकटी राहणार?” नाही राहणार. मी थांबतेय. बाकीचे जातील, आठ दिवसांसाठी, तेही मेमध्ये, म्हणजे चातुर्मास लागायच्या कितीतरी आधी. जहाजाच्या घड्याळात सात वाजले की जेवण आटपायचं, बाहेर कितीही ऊन असो. ताटात घेतलेलं टाकायचं नाही. हा नियम मुलानं स्वतः सुचवला, मी नाही.

आणि दिवाळीनंतर आम्ही सगळे सासूबाईंबरोबर शिखरजीला जाणार आहोत. त्यांच्या हद्दीच्या अगदी टोकापर्यंत.

तुमच्या घरी कुणाचं असं जुनं व्रत आहे का? तिकीट काढण्याआधी एकदा विचारा. त्या आपणहून सांगणार नाहीत.