जोड तोलाची असावी

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत अशा पाच तालुक्यांच्या आमच्या जिल्ह्यात गावच्या जत्रेला कुस्त्यांचा फड भरतो, तेव्हा हलगीच्या ठेक्यावर मान डोलावीत आखाड्याभोवती दाटीने बसलेल्या समुदायाच्या मनात आपल्या गावच्या पहिलवानाने मैदान मारावे ही इच्छा असतेच. परंतु त्या इच्छेच्या जोडीला, आणि पुष्कळदा तिच्याहूनही प्रबळ अशी, दुसरी एक अपेक्षा तेथे नांदत असते, ती ही की कुस्ती तोलाची व्हावी. जोड लावताना पंच दोघांचे वजन, उंची, वय आणि आजवरचा लौकिक नजरेखालून घालतात. जोड विजोड वाटली तर बसल्या जागेवरून हरकत घेण्याचा हक्क फडातला साधा मजूरही आपला मानतो. परगावच्या पहिलवानाने ढाक किंवा एकलंगी सफाईने साधून आमच्याच मुलाला चितपट केले, तर त्याच्या हातावर नोटा ठेवणाऱ्यांत आमच्या गावचेही असतात. उलट, दोघांनी संगनमताने अंगचोरपणा केला तर ‘नुरा, नुरा’ असा गिल्ला होऊन दोघांचीही अब्रू जाते. या रसिकतेचे कोणी शास्त्र लिहिलेले नाही आणि कोणत्याही कचेरीत तिची नोंद नाही. तरी पिढ्यानुपिढ्या ती टिकून आहे.

आंतरराष्ट्रीय सामना जवळ आला म्हणजे ज्या अपेक्षेने आपण दूरचित्रवाणीसमोर बसतो, तिची या फडातल्या अपेक्षेशी तुलना करून पाहिली असता, प्रेक्षक या नात्याने आपली अधोगती झाली आहे असे मला स्पष्ट दिसते. तेथे आपल्याला तोलाची जोड नको असते, दुबळा प्रतिस्पर्धी हवा असतो. आणि विजय ही मिळविण्याची वस्तू न राहता वहिवाटीने आपल्याकडे चालत आलेले इनाम ठरते. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी, सलग दहा सामने जिंकून विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात उतरलेला भारतीय क्रिकेट संघ अहमदाबादेत पराभूत झाला, त्या सायंकाळी ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडने १३७ धावांची जी खेळी केली ती, कोणत्या देशाच्या फलंदाजाची आहे हे क्षणभर विसरले असते तर, वर्षानुवर्षे वाखाणावी अशी होती. पण तिच्या प्रत्येक फटक्यागणिक ते विशाल मैदान निःशब्द होत गेले, आणि आमच्या हिंगोलीच्या चहाच्या टपऱ्यांवरही त्यापेक्षा काही निराळे घडले नसावे.

अपेक्षा कशी असावी याचा एक उत्तम दाखला, आपल्याला जवळजवळ अपरिचित असलेल्या रग्बी या खेळात सापडतो. एकेका पक्षाचे पंधरा गडी, ऐंशी मिनिटांचा खेळ, आणि हातातला चेंडू सहकाऱ्याकडे फेकायचा तर तो बाजूला किंवा मागेच फेकावा असा विलक्षण नियम. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी हिंगोलीत दीर्घकाळ होती, तरी गोऱ्या साहेबांचा हा खेळ आमच्या मातीत रुजला नाही. आणि हिंदुस्थानाशी त्याचा जो सर्वांत प्रसिद्ध ऋणानुबंध आहे तो म्हणजे कलकत्त्याच्या फुटबॉल क्लबाने आपला कारभार आटोपताना शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून घडविलेला करंडक, ज्यासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून झुंजत आले आहेत.

या खेळाच्या विश्वचषकात १९ सप्टेंबर २०१५ रोजी इंग्लंडमधील ब्रायटन येथे दोन वेळच्या विजेत्या दक्षिण आफ्रिकेची गाठ जपानशी पडली. त्यापूर्वीच्या सर्व विश्वचषकांत मिळून जपानच्या पदरी एकच विजय होता. सबब जपानकडून कोणाची काही अपेक्षा असण्याचे कारणच नव्हते. असे असता, वेळ संपत आली तेव्हा फलक ३२–२९ असा होता आणि जपानला दंडाची किक मिळाली. ती गोलखांबांतून मारली असती तर तीन गुण मिळून बरोबरी झाली असती, आणि जपानसाठी ती बरोबरीही ऐतिहासिक ठरली असती. परंतु कर्णधार मायकेल लीच याने ती नाकारली, दोन्ही पक्षांचे गडी खांद्याला खांदा भिडवून रेटा देतात तो ‘स्क्रम’ मागून घेतला, आणि त्यानंतरच्या चढाईत मैदानाच्या कोपऱ्यात चेंडू टेकवून जपानने सामना ३४–३२ असा जिंकला. पंच कुस्ती बरोबरीत सोडवू लागताच ‘निकाली करा’ म्हणून आखाडा डोक्यावर घेणारा आमचा जत्रेतला प्रेक्षक त्या दिवशी ब्रायटनला असता, तर एकही नियम ठाऊक नसताना त्याला त्या निर्णयाची थोरवी तत्काळ उमगली असती.

याच खेळात अपेक्षेचे विकृत रूपही पाहावयास मिळते. १९८७ चा पहिला विश्वचषक जिंकलेल्या न्यूझीलंडात विजय हा जणू नागरिकांचा हक्क मानला गेला. आणि २००७ साली कार्डिफ येथील उपांत्यपूर्व सामन्यात फ्रान्सने त्यांच्यावर २०–१८ अशी मात केली, तेव्हा पुढे फेकला गेलेला एक चेंडू पंचाच्या नजरेतून सुटला या कारणास्तव त्या तरुण इंग्रज पंचाला धमक्या सोसाव्या लागल्या. खेळाची जाण असलेले राष्ट्रही, अपेक्षेचे रूपांतर वसुलीच्या तगाद्यात झाले की कसे भान हरपते, याचे हे उदाहरण आपण क्रिकेटवेड्यांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आणि जेथे अपेक्षा असावी तेथे ती मुळीच नसणे, हा याच दोषाचा दुसरा पैलू होय. जून २०१९ मध्ये फिलिपिन्सच्या मनिला शहरात भारताच्या महिला रग्बी संघाने सिंगापूरचा २१–१९ असा पराभव करून पंधरा जणींच्या रग्बीतला आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळविला. पुण्याची वाहबिझ भरुचा ही या संघाची एक आघाडीची खेळाडू होती आणि संघाचे कर्णधारपदही तिने भूषविले; म्हणजे महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे निमित्तही होते. पण त्या सामन्याआधी आपल्यापैकी कितीजणांनी त्या मुलींकडून काही अपेक्षिले होते? आपल्या राज्याच्या शालेय क्रीडास्पर्धांत रग्बीलाही स्थान आहे, ही गोष्टसुद्धा पुष्कळ पालकांच्या गावी नसते.

देशाच्या विजयाची इच्छा धरू नये काय, असा प्रश्न येथे कोणी करील, आणि तो रास्तही आहे. इच्छा अवश्य धरावी. ती धरली नाही तर सामन्यात जीवच उरणार नाही, आणि जत्रेतला प्रेक्षकही आपल्या गावाचा पक्ष कधी सोडीत नाही. परंतु इच्छा ही पहिलवानाच्या पाठीशी उभी राहते, तर तगादा त्याच्या मानेवर बसतो. ज्याला प्रतिस्पर्ध्याचे बळ ठाऊक आहे, त्याचीच अपेक्षा प्रमाणात राहते. पराभव झाला तर तो कोठे आणि कशाने झाला हे त्याला सांगता येते, आणि खेळाडूच्या दारात जाऊन दगड मारण्याची बुद्धी त्याला होत नाही. जाणकारी आणि सहृदयता या गोष्टी आपण समजतो तितक्या परस्परांपासून दूर नाहीत.

म्हणून माझी विनंती साधी आहे. पुढचा आंतरराष्ट्रीय सामना, मग तो क्रिकेटचा असो, खो-खोचा असो की रग्बीचा, जवळ येईल तेव्हा संपादकांनी क्रीडापानावर आपल्या संघाच्या जोडीला प्रतिपक्षाचीही नीट ओळख करून द्यावी. शिक्षकांनी मुलांना दोन्ही संघांतील निदान दोन-दोन खेळाडू आणि त्यांचे गुण सांगावेत. आणि वाचकांनी, दूरचित्रवाणी लावण्यापूर्वी, जिल्ह्याच्या शालेय स्पर्धांत धुळीच्या मैदानावर धावणाऱ्या आपल्याच मुला-मुलींचा एखादा तरी सामना जाऊन पाहावा. सामना कोणीही जिंको, जोड तोलाची झाली का, हा प्रश्न आधी विचारावा. आमच्या फडांनी हा दंडक जपला आहे, आणि तो जगाच्या मैदानांना लावण्यास आपल्याला कोणाचीही परवानगी लागत नाही.