बोटाची रेघ

बोटाने रेघ ओढावी ती रांगोळीची, किंवा फार तर कपाळावर गंधाची. शेताच्या नकाशावर बोटाने रेघ ओढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मी भाऊबंदांच्या तोंडावर सांगायला तयार आहे. (सांगितलेही आहे. तेव्हापासून दोघे बोलत नाहीत.)

कळंब तालुक्यातल्या आमच्या गावचा गट पाहायला आता तलाठ्याच्या मागे हिंडावे लागत नाही. 'महाभूनकाशा' उघडा, गाव निवडा, गट क्रमांक टाका, नकाशा हजर. इथवर सरकारचे अभिनंदन! घात होतो तो पुढे. कोणीतरी तो नकाशा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. मग आमचे पुतणे त्यावर पेन्सिलीचे चित्र दाबतात, तांबडा रंग निवडतात आणि एस.टी.त बसल्या बसल्या तर्जनीने बांध ओढून पाठवून देतात. रस्ता जिथे उखडलेला, तिथे बांधही वाकडा.

"काका, नुसतं दाखवलंय हो!"

नुसतं? जरा हिशोब करू. दहा एकरांचा चौरस गट घ्या. त्याची एक बाजू ६६० फूट. मोबाइलवर तो साडेसहा सेंटिमीटरांत मावतो. म्हणजे एका मिलिमीटरात दहा फूट रान! एक मिलिमीटर जाडीची रेघ या टोकाहून त्या टोकाला ओढली की तिच्याखाली ६,६०० चौरस फूट गेले. गुंठा असतो १,०८९ चौरस फुटांचा. सहा गुंठे नुसत्या रेघेत! जाड पेन निवडणाऱ्या उदार गृहस्थांचे तर विचारूच नका. आणि मृगाच्या तोंडावर हीच रेघ ट्रॅक्टरवाल्याला दाखवली, तर तो बिचारा बांध कोरणार नाही तर काय करील?

विहीर कुठे, लिंब कुठे, हे दाखवायला खुशाल गोल काढा. आमच्या आत्यांनी लिंबाभोवती काढलेला गोल शेजारच्या गटात शिरला होता. पण म्हणून लिंब काही उठून तिकडे गेला नाही. बांध मात्र जातो.

पूर्वी मोजणीवाले ३३ फुटांची साखळी उन्हातान्हात ओढत, आता उपग्रहाशी बोलणारे रोव्हर आणतात. पण 'क' प्रत हाती पडते, ती सहीनिशी. रेघ चुकली तर धरायला माणूस असतो. बोटाची रेघ एकदा पाठवली की नकाशाला चिकटते. चार ग्रुप फिरून आली की ओढणाऱ्याचे नाव गळते, आणि मग सगळे म्हणतात, "अहो, नकाशातच आहे!"

म्हणून माझी मागणी साधी आहे. रेघ ओढायचीच असेल तर शेजारी आपले नाव, तारीख आणि 'अंदाजे' हा शब्द लिहावा. नाहीतर रीतसर फी भरून मोजणी आणावी. ही मागणी मी ग्रुपवर टाकली. चौघांनी लगेच अंगठा पाठवला. तो संमतीचा आहे की नुसताच दाखवलेला, ते अजून कळलेले नाही.