लाटांची उंची सांगा, बातमी मात्र नको!

मंडळी, आम्हा आयटीवाल्यांना एक खोड आहे. कुठलीही अडचण सांगा, आम्ही म्हणणार, "एक अ‍ॅप काढू, हाय काय अन् नाय काय!" त्यामुळे 'कम्युनिटी रेडिओ' म्हटलं की आमच्यातले निम्मे हसतात. आजच्या जमान्यात ट्रान्झिस्टर? आजचं लिखाण या हसणाऱ्यांसाठी.

रामेश्वरला गेला असाल, तर पांबन बेट तुम्ही पाहिलंय. तिथे २०१६ पासून 'कडल ओसै' नावाचं एफएम केंद्र चालतं. ९०.४ मेगाहर्ट्झ. नावाचा अर्थ समुद्राचा आवाज. श्रोते म्हणजे मच्छीमार आणि त्यांच्या घरची माणसं. निवेदकही बरेचसे त्याच वस्त्यांतले. वारा किती, लाटा किती, मासळीला भाव काय, समुद्रात प्लास्टिक का टाकू नये... सगळं तिथल्या बोलीत.

आता आमचा अ‍ॅपवाला म्हणेल, "समुद्राचा अंदाज हैदराबादची 'इन्कॉइस' देतेच. पाठवा की थेट मोबाईलवर!" पाठवा ना, कोण नको म्हणतंय? पण "लाटांची उंची अडीच ते तीन मीटर" हा झाला डेटा, आणि "आज छोटी होडी काढू नका रे" हा झाला सल्ला. सल्ला ओळखीच्या माणसाचा असेल तरच पटतो. कारण तो चुकला तर संध्याकाळी त्याला किनाऱ्यावर गाठून जाब विचारता येतो. नोटिफिकेशनला कोण जाब विचारणार?

इशाऱ्याची किंमत या बेटाला कुणी शिकवायला नको. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी गाव उद्ध्वस्त झालं, अख्खी पॅसेंजर गाडी प्रवाशांसकट समुद्राने गिळली.

इथवर सगळं छान. आता सरकारी गंमत बघा.

२००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना असं केंद्र काढायची मुभा दिली. अट अशी, की किमान ५० टक्के कार्यक्रम स्थानिक आणि लोकांच्या सहभागातून झालेले हवेत. ट्रान्समीटर साधारण १०० वॉटचा, म्हणजे पल्ला जेमतेम १०-१२ किलोमीटर. पण स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी! आकाशवाणीच्याच बातम्या लावता येतात, बस्स. हवामान, नोकऱ्या, परीक्षांचे निकाल हे 'बातमी' नाही, म्हणून ते चालतं.

पांबनच्या घरांमधली सगळ्यात मोठी बातमी कोणती? १९७४ च्या करारात कच्चतीवू बेट श्रीलंकेकडे गेलं. त्या सागरी सीमेपलीकडे गेल्याबद्दल श्रीलंकेचं नौदल तमिळ मच्छीमारांना वर्षानुवर्षं पकडतंय, होड्या जप्त करतंय. बोट वेळेवर परतली नाही की अख्खी वस्ती जागी राहते. आणि त्या वस्तीच्या हक्काच्या रेडिओने काय करायचं? लाटांची उंची सांगायची, भावाचं बोलायचं, आणि कोण पकडलं गेलं याची बातमी आकाशवाणीवरून येईल तेव्हा ऐकवायची. याला काय म्हणायचं?

"अहो, अफवा पसरतील, सुरक्षेचा प्रश्न आहे," असं म्हणणारे भेटतात. अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर पसरत नाहीत का? टीव्ही चॅनेल रात्रभर ओरडतात, यूट्यूबवर कुणीही काहीही बोलतं. उलट कम्युनिटी रेडिओला परवाना आहे, पत्ता आहे, प्रत्येक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तीन महिने जपायचं बंधन आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर संपूर्ण लॉग उपलब्ध असलेली ही सिस्टिम, आणि तिलाच परमिशन नाही! सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं, की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तीस वर्षं उलटली. मालक मात्र अजून परवानगी मागतोय.

हे फक्त तमिळ बेटाचं दुखणं समजू नका. आपल्या साताऱ्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' आहे, देशभरात अशी ५०० हून अधिक केंद्रं आहेत. दुष्काळी माणमध्ये टँकर का आला नाही, हा प्रश्न म्हसवडलाच विचारला जायला हवा ना?

असो. तेव्हा पुढच्या वेळी "रेडिओ मेला" म्हणताना जरा थांबा. तो मेलेला नाही, त्याचं तोंड बांधलंय. आणि तोंड सोडायला कुठलंही अ‍ॅप लागत नाही, धोरणातलं एक कलम बदललं तरी पुरे. बघा पटतंय का!