तेल ते तेलच?

"तेल ते तेलच, मामा. दर तीन हजार मैलांनी बदललं की झालं!" हे आमच्या भाच्याचं तत्त्वज्ञान. त्याने १९९२ ची जुनी कॉर्व्हेट घेतलीय आणि तिच्यात साधं मिनरल ऑईल घालायचा बेत आहे. त्याच्या मित्रमंडळींचाही हाच सूर, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

मुळात या गाडीपुरता हा वाद केव्हाच मिटलाय. १९९२ पासून कॉर्व्हेट कारखान्यातूनच मोबिल-१ हे सिंथेटिक तेल भरून येऊ लागली आणि त्या भरवशावर जनरल मोटर्सने तिचा ऑईल कूलर काढून टाकला. कूलर नाही, वर तेलही साधं... मग इंजिनाने करायचं काय?

राहिला वारंवार बदलण्याचा मुद्दा. त्याने मळ आणि झिजेचे कण बाहेर जातात, मान्य. पण कालच भरलेलं साधं तेलसुद्धा ट्रॅकवर सडकून तापतंच. तापलं की ते सिंथेटिकपेक्षा लवकर खराब होतं, त्यातला हलका अंश उडून जातो, मागे गाळ उरतो. तेल ताजं असलं म्हणून त्याची जात बदलत नाही.

"जुन्या इंजिनात सिंथेटिक गळतं" हे आणखी एक पालुपद. अरे, सील कडक होऊन तडकलं असेल तर सील बदला ना! तेलावर खापर कशाला?

आता सिंथेटिकच्या भक्तांनाही दोन शब्द. डब्यावर तो शब्द दिसला की लगेच हात जोडायचं कारण नाही. याच शब्दावरून मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध तक्रार केली होती. १९९९ मध्ये जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या इथल्या मंडळाने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. त्यामुळे खनिज तेलावर भारी प्रक्रिया करून बनवलेलं तेलही अमेरिकेत 'सिंथेटिक' म्हणून विकलं जातं. ते वाईट असतं असं नाही, पण नुसत्या शब्दावर जाऊ नका. डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. या गाडीला ५डब्ल्यू-३० ग्रेड आणि जीएमची डेक्सॉस-१ मान्यता असलेलं सिंथेटिक घ्या. मग ब्रँड कुठलाही चालेल.

किराणा आणि देऊळ यापलीकडे न जाणाऱ्या मावशीच्या जुन्या कॅमरीत मॅन्युअल परवानगी देत असेल तर साधं तेल खुशाल घाला. पण पळवायच्या हौसेने गाडी घ्यायची आणि तेलाच्या डब्यामागे चार डॉलर वाचवायचे, ही काटकसर नव्हे, कद्रूपणा आहे. उद्या इंजिन उघडायची पाळी आली तर त्या बचतीत मेकॅनिकचा एक तासही भागणार नाही.